रॅलीची गाडी गरम होते? पाना उचलण्याआधी ‘केव्हा’ ते विचारा

गाडी तापली की सर्व्हिसमध्ये (रॅलीत गाडी दुरुस्त करायच्या ठरलेल्या जागेत) जमलेल्या चार माणसांकडून पाच सल्ले मिळतात. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका, मोठा फॅन लावा, रेडिएटरच बदला, वॉटर पंप गेलाय, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं निघतंच, म्हणून तर घोळ होतो. नवी मंडळी एकेक भाग बदलत जातात आणि शेवटी दोष सापडतो फॅनच्या गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हा लेख पहिल्यांदाच रॅलीची गाडी बांधणाऱ्यांसाठी आहे, आणि दुसऱ्याने बांधलेली गाडी विकत घेतलेल्यांसाठी तर जास्तच. इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्याही पुढे आणि फॅन विजेवर चालणारा, असं धरून चाललोय.

रस्त्यावर वर्षानुवर्षं थंड राहिलेली गाडी रॅलीत का तापते, हे आधी लक्षात घ्या. हायवेवर इंजिनाकडून थोडीच ताकद मागितली जाते आणि समोरून हवा भरपूर येते. मातीच्या चढावर उलट असतं. दुसरा गिअर, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, इंजिन ६००० फेऱ्यांवर आणि गाडीचा वेग जेमतेम ५०. उष्णता सगळी, हवा निम्मी. त्यातच पुढे दिव्यांची फळी, खाली सम्प गार्ड (इंजिनाखालची संरक्षक प्लेट) आणि जाळीत चिखल. स्टेज (वेळ मोजून जोरात पळायचा टप्पा) संपली की लगेच टाइम कंट्रोलच्या (वेळ नोंदवायच्या ठिकाणाच्या) रांगेत उभं राहायचं. कूलिंगमधला लहानसा दोषही इथे लपत नाही.

जवळ काय हवं

- मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प.
- डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. घेताना नीट बघा, बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि गाडीवर त्यांचा काही उपयोग नाही.
- दोन जाड जम्पर वायरी. त्यातल्या एकीत फ्यूज हवाच.
- इन्फ्रारेड थर्मामीटर आणि काळी चिकटपट्टी. पट्टी कशाला, ते पुढे येईल.
- रेडिएटरला दाब देऊन तपासायचा हातपंप.
- हेड गॅस्केटच्या तपासणीचं रंग बदलणारं द्रव.
- कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, नरसाळं, टॉर्च आणि एक पातळ कागद.
- वायरिंगचा नकाशा. बांधलेल्या गाडीत कंपनीचा मूळ नकाशा निम्मा खोटा ठरलेला असतो. आधीच्या मालकाने हाताने काढलेला कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं.
- तुमच्या वर्गाचे तांत्रिक नियम. मूळ गाडीच्या जवळ राहणाऱ्या वर्गांत रेडिएटर, फॅन, बंपरमधली भोकं यांवर बंधनं असू शकतात. वाचल्याशिवाय काहीही कापू नका.

हात लावण्याआधी

गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. बंद सर्किटमध्ये ११० अंश सेल्सिअसचं पाणी दाबामुळे शांत असतं. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि ते पाणी क्षणात उकळून थेट तोंडावर येतं. वरचा होज (रेडिएटरचा रबरी पाइप) हाताला मऊ लागेपर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट, इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही सुरू होतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर आधी फॅनचा फ्यूज काढा. आणि सांडलेलं कूलंट पुसून टाका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

१. खरंच तापतेय, की काटा खोटं बोलतोय?

तपास इथून सुरू करा, कारण इथेच बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो.

इंजिन चालू ठेवा, काटा बघा, मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर असं सगळं एकदम लावा. त्या क्षणी काटा हलला तर पाणी गरम झालेलं नाही, अर्थ खराब आहे. पाण्याचं तापमान एका सेकंदात बदलत नसतं. एका वायरीच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या धातूतून मिळतो. कुणी गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळली असेल तर तो अर्थ बिघडतो आणि काटा मनाला येईल ते दाखवतो.

कंपनीच्या डॅशबोर्डवरच्या काट्यावर तर अजिबात विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. तापमान ८० असो की १००, काटा मधोमध. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. अंश दाखवणारा वेगळा गेज हवाच.

आता सगळ्यात धोकादायक प्रकार. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि आकडा चक्क कमी दाखवू शकतो. इंजिन भाजत असतं आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘बरं झालं, थंड झाली.’ चढत असलेला काटा कारण नसताना झपकन खाली आला, तर गाडी थांबवा. कूलंटच्या दाबाचा सेन्सर आणि त्याचा लाल दिवा बसवता आला तर जरूर बसवा. होज फुटल्याची खबर तापमानाच्या गेजपेक्षा तो आधी देतो.

खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी दाखवतं. म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

किती म्हणजे जास्त? बहुतेक इंजिनं ८५ ते १०० अंशांत खूश असतात. १०५ च्या पुढे गेली की मी पाय सैल करतो, ११५ दिसलं की थांबतो, स्टेज गेली तरी चालेल. तुमच्या इंजिनाचे आकडे यापेक्षा थोडे वेगळे असतील, पण आकडा आधी ठरवून गाडीत लिहून ठेवा. स्टेजच्या धुंदीत तो ठरवता येत नाही.

२. केव्हा तापते, ते लिहून काढा

माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं आणि त्याला एकही हत्यार लागत नाही. नेव्हिगेटरला (शेजारी बसून वाट सांगणाऱ्या साथीदाराला) सांगा की स्टेजच्या सुरुवातीला, शेवटी, रांगेत आणि रोड सेक्शनवर (दोन स्टेजमधल्या साध्या रस्त्यावर) तापमान टिपून ठेव. मग कागद घेऊन बसा.

*उभी असताना किंवा रांगताना तापते, पळायला लागली की उतरते.* साधारण ५०-६० किलोमीटर वेगाच्या पुढे समोरून येणारी हवाच पुरते, फॅनचं काम उरत नाही. म्हणजे इथे संशय फॅनवर, त्याच्या वायरिंगवर किंवा त्याच्या कव्हरवर. पायरी ४ आणि ५ बघा.

*स्टेजमध्ये जोरात चालवताना चढत जाते, रोड सेक्शनवर आरामात उतरते.* इथे फॅन बहुतेक निर्दोष. उष्णता तयार होतेय तितकी बाहेर पडत नाही. रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पंप किंवा बेल्ट घसरणारा, खालचा होज आत दबणारा. इंजिन स्वतःच जास्त उष्णता करत असेल, तरी लक्षणं हीच.

*सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते.* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, सर्किटमध्ये हवा आहे, पंप फिरत नाही किंवा हेड गॅस्केट गेलंय.

*फक्त रात्रीच्या स्टेजना तापते.* १०० वॅटचे चार जादा दिवे म्हणजे ४०० वॅट, जवळपास ३० अँपिअर. रांगेत आयडलवर अल्टरनेटर तेवढं देत नाही, व्होल्टेज पडतं आणि फॅन मंदावतो. शिवाय दिव्यांची फळी जाळीच्या पुढ्यातच ठाण मांडून बसलेली असते.

*पाण्याच्या ओहोळातून किंवा चिखलातून गेल्यानंतर तापते.* फॅनचं पातं वाकलंय, फ्यूज उडालाय, बेल्ट भिजून घसरतोय किंवा जाळीत चिखल बसलाय. स्वीडनच्या हिवाळी रॅलीत हेच काम बर्फ करतो. कडेच्या बर्फात नाक खुपसलं की रेडिएटरची तोंडं गच्च बंद.

*बंद केल्यावर आकडा चढतो.* हे थोडंफार नैसर्गिक आहे. पंप थांबतो, पण धातूतली उष्णता पाण्यात येतच राहते. पाणी बाहेर फेकत नसेल तर घाबरू नका.

दोन प्रकार एकत्र असू शकतात. पण दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर गाडी कशाने बरी झाली ते कधीच कळणार नाही.

३. थंड गाडीवर डोळ्यांनी बघायच्या गोष्टी

पाणी किती आहे ते रेडिएटरच्या तोंडातून बघा, ओव्हरफ्लोच्या बाटलीतून नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होऊ शकतं. झाकणाची आतली झडप बिघडली की थंड होताना पाणी परत ओढलं जात नाही.

हे झाकण म्हणजे कूलिंगमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग. १ बारचं झाकण नीट असेल तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. रबर चिरलेलं असेल तर हे संरक्षण गेलं. डोंगरातल्या रॅलीत त्याची किंमत आणखी वाढते, कारण २००० मीटर उंचीवर उघडं पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. हातपंपाच्या अ‍ॅडॉप्टरवर झाकण लावून तपासा, नाहीतर सरळ नवं घ्या. पण ‘जास्त दाबाचं लावू या’ असा विचार करू नका. जुना रेडिएटर आणि जुने होज त्या दाबासाठी बनलेले नसतात.

मग हातपंपाने सर्किटला झाकणावर लिहिलेला दाब द्या आणि दहा मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती शोधा. होजच्या क्लिपा, पंपाखालचं छोटं भोक, हीटरचा भाग, सगळीकडे टॉर्च मारा. नेव्हिगेटरच्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटर गळतोय.

४. फॅनची वीज

इथे वेळ घालवा. रॅलीच्या गाडीत फॅन स्वतः क्वचित मरतो. त्याच्यापर्यंत येणारी वीज वाटेत मरते.

सर्किट कसं असतं, ते आधी. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, तिथून रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचचा) ३० नंबर. रिले ओढला की ३० आणि ८७ जोडले जातात आणि ८७ पासून वीज फॅनला, फॅनपासून अर्थला. ही झाली ताकदीची बाजू. ८५ आणि ८६ ही रिलेच्या कॉइलची टोकं. त्यातल्या एकाला इग्निशनची वीज आणि दुसऱ्याला थर्मोस्विचमार्गे (ठरावीक तापमानाला जोडल्या जाणाऱ्या स्विचमार्गे) किंवा ईसीयूमार्गे (इंजिनाच्या संगणकामार्गे) अर्थ. ही हुकमाची बाजू. दोष नेमका कुठल्या बाजूला आहे, एवढंच शोधायचंय.

अ) इग्निशन चालू करा. रेडिएटरवरचा दोन वायरींचा थर्मोस्विच असेल तर त्याचा प्लग काढून प्लगमधली दोन टोकं वायरीच्या तुकड्याने जोडा. फॅन फिरला तर फॅन, रिले, फ्यूज सगळं ठीक. दोष थर्मोस्विचमध्ये आहे किंवा गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पाणी न पोचण्याची कारणं म्हणजे सर्किटमधली हवा, कमी पाणी किंवा न उघडणारा थर्मोस्टॅट. म्हणून नवा स्विच आणायला पळण्याआधी हात लावून बघा, तिथला रेडिएटर गरम तरी आहे का?

थांबा, एक सावधगिरी. फॅन ईसीयू चालवत असेल तर रेडिएटरवरचा तो प्लग स्विचचा नसून सेन्सरचा असू शकतो. तिथे टोकं जोडू नका. उलट प्लग नुसता काढून ठेवा. बऱ्याच ईसीयू सेन्सर हरवला की सुरक्षेसाठी फॅन सतत चालू करतात. तसं झालं तर ताकदीची बाजू शाबूत आहे.

आ) फॅन फिरला नाही? रिलेवर बोट ठेवून पुन्हा तेच करा. ‘टक’ आवाज येतो आणि फॅन गप्प, तर ताकदीची बाजू बघा. टक येतच नाही, तर हुकमाची बाजू. कॉइलला वीज आणि अर्थ दोन्ही मिळतायत का, टेस्ट लॅम्पने बघा. मिळत असूनही गप्प असेल तर रिले बदला.

इ) फ्यूजवाल्या जम्परने फॅनला थेट बॅटरीवरून वीज द्या. तरी फिरला नाही तर मोटार गेली. मोटारीवर हलकी टिचकी मारल्यावर फिरायला लागली तर कार्बन ब्रश संपलेत. आज चालेल, उद्याच्या स्टेजला चालणार नाही. हाताने फिरवल्यावर खरखर लागली तर बेअरिंगमध्ये माती गेली आहे.

ई) फॅन फिरतो, पण बिचारा दमलेला वाटतो? मग व्होल्टेज ड्रॉप मोजा. ही चाचणी नवे लोक नेमकी टाळतात. फॅन चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं फॅनच्या प्लसवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी वीज खाल्ली जातेय. तसंच बॅटरीचा मायनस आणि फॅनचा मायनस यांच्यात मोजा, तिथे ०.२ च्या आसपासच असावं. अल्टरनेटरच्या १३.५ व्होल्टऐवजी फॅनला १०.५ मिळत असतील तर तो फिरताना दिसतो, पण हवा पुरेशी ओढत नाही.

हे फॅन *चालू असतानाच* मोजायचं. प्लग काढून मोजलं तर एका तारेवर लटकलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि तुम्ही तिला पास करून टाकता.

ज्या जागा हमखास सापडतात त्या अशा. रंगावर नटबोल्टने बसवलेला अर्थ, फ्यूजच्या होल्डरमधलं तपकिरी झालेलं टोक, पाणी शिरलेला प्लग आणि ‘तात्पुरता’ म्हणून पीळ देऊन टेप मारलेला जोड. फॅनचा अर्थ स्वतंत्र जाड वायरीने बॅटरीच्या मायनसपर्यंत किंवा बॉडीच्या मुख्य अर्थच्या बिंदूपर्यंत नेलात, तर यातला निम्मा त्रास कायमचा जातो.

उ) करंट मोजा. मध्यम फॅन साधारण ८ ते १५ अँपिअर घेतो, मोठा २० च्या पुढेही जातो आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्यामुळे साधा मल्टिमीटर मध्ये जोडून मोजू नका. त्याची मर्यादा सहसा १० अँपिअर असते, मीटरचाच फ्यूज जाईल. क्लॅम्प मीटर वापरा. करंट नेहमीपेक्षा खूप जास्त असेल तर मोटार जॅम होतेय, पातं कव्हरला घासतंय किंवा आत चिखल आहे. वारंवार फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं ही शुद्ध आत्महत्या आहे. मग फ्यूजऐवजी वायर जळते, तीही पेट्रोलच्या पाइपाशेजारी.

ऊ) डॅशबोर्डवर फॅनचा हाताने चालवायचा स्विच हवा, पण त्याने फक्त रिलेचा हुकूम द्यावा. मोटारीचा करंट छोट्या स्विचमधून नेला तर तो वितळतो. पाण्याच्या ओहोळासाठी ‘बंद’ची सोय हवी असेल तर ऑटो, चालू आणि बंद असा तिहेरी स्विच लावतात. सोय चांगली, पण ‘बंद’वर विसरलेला स्विच हे गाडी तापण्याचं एक जुनं कारण आहे. ‘बंद’वर असताना डोळ्यात खुपेल असा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. एवढं करायचं नसेल तर तिहेरी स्विच लावूच नका.

५. फॅन जोरात फिरतो, तरी गाडी तापते

पातळ कागद घ्या आणि फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढून, जाळीजवळ धरा. कागद रेडिएटरला चिकटला पाहिजे. उडून पुढे आला तर फॅन उलटा फिरतोय आणि समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतोय. मोटार बदलताना प्लस-मायनस उलटे झाले की हे होतं. वायरी अदलाबदल करून दिशा सुधारते. पण फॅन मागचा पुढे हलवला असेल तर पातीही त्या दिशेची आहेत का ते बघा. वळणदार पाती उलटी फिरवली तर हवा फारच कमी ढकलतात.

कागद कोपऱ्यांवरही धरून बघा. फक्त मधल्या गोलात चिकटतो आणि कोपऱ्यात पडतो, म्हणजे फॅनला कव्हर नाही किंवा ते फुटलंय. कव्हराशिवाय फॅन रेडिएटरचा तेवढाच गोल थंड करतो, बाकीचा भाग नुसता ओझं.

हवा आळशी असते, जिथे अडथळा कमी तिथून जाते. रेडिएटर आणि बॉडी यांच्यात बोटभर फट असली तर हवा फिन्समधून (रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांमधून) जायचे कष्ट घेत नाही, बाजूने निघून जाते. अपघातानंतर पुढचा भाग ठोकून सरळ केलेल्या गाडीत अशा फटी हमखास असतात. फोमच्या पट्ट्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने त्या बुजवा. इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

आत आलेली हवा बाहेरही पडली पाहिजे. मूळ गाडीत ती इंजिनाच्या खालून निघते. तिथेच आपण जाड सम्प गार्ड बसवतो. गार्डला मागच्या बाजूला वाट ठेवली आहे का, ते बघा. बॉनेटवर भोकं पाडायची तर जागा विचार करून निवडा. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथली भोकं हवा बाहेर सोडण्याऐवजी आत घेतात.

आणि चिखल. टर्बो गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा) असतो, कधी ऑइल कूलरही. पुढून बघितलं तर इंटरकूलर लख्ख दिसतो, चिखल बसलेला असतो दोघांच्या *मध्ये*. तिथे टॉर्च घाला, गरज पडली तर वरचे बोल्ट सोडून इंटरकूलर पुढे झुकवा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, आत नाही. प्रेशर वॉशर लांबूनच, नाहीतर फिन्स आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद. केनियाच्या सफारी रॅलीतली ‘फेशफेश’सारखी पिठूळ धूळ तर पाण्याने लगद्यात बदलते, ती आधी कोरड्या हवेने उडवावी.

६. पाणी फिरतंय का?

थर्मोस्टॅट बाहेर काढून भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, पाणी तापवा आणि थर्मामीटरवर लक्ष ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याला, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, उघडायला सुरुवात व्हावी आणि आणखी १०-१५ अंशांत तो पूर्ण उघडावा. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट जास्त फसवा, कारण रस्त्यावर गाडी ठीक चालते आणि स्टेजमध्ये तापते.

‘काढूनच टाका’ हा सल्ला ऐकू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं. गाडी सकाळी थंड आणि दुपारी जास्त गरम.

खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. जुना, मऊ झालेला होज जास्त फेऱ्यांवर आत दबतो आणि पाणी थांबतं. आयडलवर तो ठणठणीत दिसतो. इंजिन गरम झाल्यावर कुणाला तरी फेऱ्या वाढवायला सांगा आणि लांबून टॉर्चच्या उजेडात बघा. काही होजमध्ये आत स्प्रिंग असते, ती गंजून गेली असेल तर होज बदला.

पंपाच्या भोकातून ओल, शाफ्टला खेळ किंवा बेल्टची चीं चीं, एवढं झटकन दिसतं. न दिसणारा दोष म्हणजे पंपाच्या आत पाणी ढकलणारा पंखा शाफ्टवर सैल झालेला किंवा झिजलेला असणं. बाकी सगळं ठीक निघालं तर पंप काढून बघावाच लागतो.

रेडिएटर आतून तुंबलाय का, ते इन्फ्रारेडने कळतं. गरम झालेल्या रेडिएटरच्या पृष्ठभागावर ओळीने मोजत जा. तापमान पाण्याच्या आत येण्याच्या बाजूकडून बाहेर जाण्याच्या बाजूकडे हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

७. दोष इंजिनातच असेल तर

थंड इंजिन सुरू करून मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर तो दाब पाण्याच्या उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या वायूचा आहे. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, हेही तेच सांगतं. रंग बदलणाऱ्या द्रवाने खात्री करा. पेट्रोल गाडीत निळा द्रव पिवळा झाला तर हेड गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा गेला. त्या द्रवाच्या नळीत कूलंट ओढलं गेलं तर चाचणी वाया जाते, म्हणून पाण्याची पातळी आधी थोडी उतरवा. ऑइल दुधाळ होणं ही फार पुढची पायरी. ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणून गॅस्केट शाबूत, असं समजू नका.

गॅस्केट ठीक असेल तर ट्यूनिंग बघा. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा इग्निशन फार उशिरा असेल तर इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं. टर्बोच्या अँटिलॅगनेही (टर्बो फिरता ठेवायला एक्झॉस्टमध्ये इंधन जाळणाऱ्या यंत्रणेनेही) बॉनेटखालची उष्णता खूप वाढते. ईसीयूत नवा मॅप (ट्यूनिंगची आकडेवारी) भरल्यापासून गाडी तापते असं टिपणात दिसलं, तर रेडिएटरवाल्याकडे जाण्याआधी ट्यूनरकडे जा.

८. पाणी भरणं आणि हवा काढणं

गाडीचं नाक उंच करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीडचे स्क्रू असतील तर सैल करा आणि हळूहळू भरा. थर्मोस्टॅटवर छोटं भोक किंवा पिन असेल तर ती वरच्या बाजूला बसवा, हवा तिथूनच निघते. इंजिन चालू करून फॅन दोनदा सुरू-बंद होईपर्यंत थांबा. केबिनमध्ये हीटरची हवा गार येत असेल तर आत अजून हवा अडकलेली आहे.

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण सुरक्षित. नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, हे खरं. पण ते लवकर उकळतं, थंडीत गोठतं आणि गंज आणतं. म्हणून पाणी वापरायचंच असेल तर गंजरोधक घालून. उलट टोकाला जाऊन नुसतं घट्ट कूलंट ओतू नका, त्याने गाडी जास्तच तापते.

९. रॅली चालू असताना

आकडा चढायला लागला तर हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा. केबिनमधला तो छोटा रेडिएटरच असतो. हेल्मेट घालून नको वाटेल, पण काही अंश नक्की उतरतात. वरचा गिअर घ्या, फेऱ्या कमी करा.

ओहोळाआधी फॅन बंद. फिरती पाती पाण्यावर आपटली की वाकून रेडिएटरमध्ये घुसतात. पलीकडे गेल्यावर लगेच ऑटो, आणि ही ओळ नेव्हिगेटरच्या नोट्समध्ये लिहिलेलीच हवी.

स्टेज संपली की लगेच किल स्विच दाबू नका. तो सगळी वीज तोडतो, म्हणजे फॅनचीही. पाणी आणि दाब शाबूत असेल तर एक-दोन मिनिटं इंजिन आयडलवर आणि फॅन चालू राहू द्या. पाणी निघून गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

सर्व्हिसच्या बाहेर बहुतेक रॅलींत बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही, जे गाडीत आहे त्यावरच दोघांना भागवावं लागतं. पार्क फर्मेमध्ये (गाड्या ठेवायच्या बंदिस्त जागेत) तर गाडीला हातच लावता येत नाही. म्हणून गाडीत पाण्याची बाटली, एक रिले, फॅनच्या मापाचे फ्यूज, दोन होज क्लिपा, स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप आणि मऊ ब्रश ठेवा. जाळी साफ करायला तो ब्रश फार कामाला येतो.

सोबत बॅटरीपासून फॅनपर्यंत पोचेल एवढी जाड वायर. ती आधीच मापात कापा, फ्यूज बसवा, दोन्ही टोकांना क्लिपा लावा आणि सर्व्हिसमध्ये एकदा जोडून फॅन फिरतो का बघा. कुठलं टोक कुठे जोडायचं ते नेव्हिगेटरलाही दाखवून ठेवा, कारण ड्रायव्हर त्या वेळी टायर बदलत असू शकतो.